वाळवलेली माती

क्यूशू (जपान), १२ मे २०२४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही लावत नाही, म्हणून हे पत्र. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची. वर्गीकरणात तिला अँडिसोल म्हणतात. आपल्या काळ्या मातीहून जात निराळी. हातात हलकी लागते, पण चोळली की लोण्यासारखी निसरडी होते, इतकं पाणी पोटात.

माझ्या घरमालकीण सातोआजी टेकडीच्या पायथ्याशी एकट्या राहतात. घरामागचा उतार पावसात खचेल या भीतीने आधीच शहरात मुलाकडे जाऊ का, असं इथल्या संस्थेत मातीचा अभ्यास करणाऱ्या मलाच त्यांनी विचारलं. म्हणून त्या उताराची माती आणली आणि तुमच्या पद्धतीने सावलीत वाळवून, लाकडी मोगरीने फोडून, चाळून तपासली. वाळूसारखी निघाली, पाणी फार धरत नाही, म्हणजे खचायची भीती कमी. माझ्या बोटांचा अंदाज चुकला म्हणायचा. त्यांना काय सांगू?

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.
तुमची केतकी

यवतमाळ, २९ मे २०२४

चि. केतकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत माझी उभी हयात गेली, ओली माती मी कधी चाळणीला लावू दिली नाही. बोटं फसवतात, चाळणी नाही. आजींना सांग, खुशाल घरीच राहा.

तुझी आई म्हणते, पोरीले सयपाक कुठं येते, त्या बाईच्याच घरी जेवत जाय म्हणा. उन्हाने इथे जीव नकोसा झालाय. प्रकृतीला जप.
तुझे बाबा

क्यूशू, ८ जुलै २०२४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सातोआजी गेल्या. सततच्या पावसाने मागचा उतार खचून घरावर आला. मी संस्थेत होते, त्या घरात. मी जाऊ नका म्हटलं म्हणून घरात.

संस्थेतल्या सरांनी त्याच उताराची माती न वाळवता तपासली, तर ती पाणी धरून ठेवणारी निघाली. ही माती एकदा वाळली की तिचे बारीक कण एकमेकांना कायमचे चिकटतात, पुन्हा भिजवूनही सुटत नाहीत. मग ती वाळूसारखी वाटते. पुस्तकात हे वाचलं होतं, तरी हात सवयीनेच चालले. सरांना मी सगळं सांगितलं; बाकीचे उतार आता ओल्या मातीवरून तपासताहेत.

आजींच्या मुलाला मात्र पाऊस फार झाला एवढंच सांगितलं. आईला सोबत दिली म्हणून त्याने वाकून माझे आभार मानले. बाबा, मला घरी यायचंय. मला दूर लोटू नका.
केतकी

यवतमाळ, २५ जुलै २०२४

चि. केतकीस आशीर्वाद.

तुझी बोटं खरं सांगत होती. मी न पाहिलेल्या मातीवर इथे बसून निकाल दिला. फार वाईट वाटतं, आणि लाजही वाटते.

घरी केव्हाही ये, माया तेवढीच आहे. पण आधी त्या मुलाकडे जा. त्याच्या आईला तू थांबवलंस हे सांग, आणि तुझ्या बापाने थांबवायला सांगितलं हेही सांग. तो बोलेल ते ऐकून घे. त्याच्यासमोर रडू नकोस, नाहीतर तोच बिचारा तुला समजावत बसेल.
तुझे बाबा