रूमविरुद्धचं बंड

९ ऑक्टोबर १९६४, शुक्रवार. देरा, दुबई
आजपासून डायरी. मोठी माणसं लिहितात. वही ऑफिसची आहे, पण स्टोअरकीपर मीच, त्यामुळे परवानगी मिळाली.
संकल्प एकच: हाफिजासाठी रूम शोधणे. लग्नाला दोन वर्षं झाली, बायको अजून दाभोळला. सासरे हमदुल्ला मास्तर म्हणतात, वेगळी रूम झाल्याशिवाय मुलगी पाठवणार नाही, सहा पुरुषांच्या मेसमध्ये ती राहणार कुठे. रास्त आहे. आज मात्र शुक्रवार. झोपलो.

१२ ऑक्टोबर, सोमवार
मेसचे कुक बदरुद्दीनभाई म्हणाले, मशिदीमागे रूम रिकामी आहे, दोन खिडक्या आहेत, आत्ता जा. म्हटलं, शुक्रवारी, इन्शाल्ला.
साहेबाच्या टेबलावरचं जुनं इंग्रजी मासिक मेसवर आणून वाचलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन फौज अरबस्तानात शिरली होती. लोकांनी बंड केलं. मोठी लढाई झाली, पण रणांगण नेमकं कुठे, तर... पुढच्या पानावर बदरुद्दीनभाईंनी भजी निथळवली. भज्यांखालून काहीच वाचता आलं नाही. भजी चांगली होती.

१४ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १
कंपनीच्या बंद पडलेल्या जुन्या कॅम्पवर पाइप मोजायला गेलो होतो. तिथला म्हातारा चौकीदार सुहैल एका टेकाडाकडे बोट करून त्याच्या हिंदीत म्हणाला, इधर बड़ा लड़ाई हुआ. रूम के खिलाफ. बहुत पुराना.
रूम! मदरशात शिकलेला कुणीही सांगेल, रूम म्हणजे रोमन. कुराणात त्या नावाचा अख्खा सूरा, म्हणजे अध्याय, आहे. विलायतेतले प्रोफेसर शोधत बसले आणि सापडलं कुणाला, तर दाभोळच्या तय्यबला.
पाइप मोजायचे राहिले. अंदाजे आकडा लिहिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही. मास्तरांनी मला इतिहासात दोनदा नापास केलंय. दुसऱ्यांदा तर पेपर वर्गात वाचून दाखवला. मुलगी दिली ती माझ्या वडिलांकडे बघून. आता ते त्याच वर्गात उभे राहून माझा शोध वाचतील. हे झालं की खलास, मला आयुष्यात दुसरं काही नको. हाफिजा सोडून.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
रूम बघायला जायचं होतं. खणायला गेलो. सापडलं: वाकलेला लोखंडी चमचा (रोमन), बूट एक (रोमन नसावा, लेस आहे).

२३ ऑक्टोबर, शुक्रवार
ढाल सापडली. अस्सल तांब्याची, गोल, परातीएवढी. मधोमध भोक, म्हणजे भाला आरपार गेलेला. बिचारा सैनिक. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला शिलालेख. लिपी अनोळखी. प्रत्येक शब्दाच्या खाली एक आडवी रेघ आहे, म्हणजे रोमन लोक अक्षरं रेघेवर बसवत. हे निरीक्षण माझं.
सुहैलला विचारलं, बंडाचा सरदार कोण. म्हणाला, बद्रू. लढाईत सगळ्यात पुढे तो होता, मोठा आवाज करत होता. मी वहीत बद्रूस असं लिहिलं. ऐतिहासिक वाटतं.
बदरुद्दीनभाईंनी रूमचं विचारलं. म्हटलं, भाई, रूमचंच काम चाललंय. खूश झाले.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
मास्तरांना सगळा शोध कळवणारं अकरा पानी पत्र लिहिलं. वजन फार, म्हणून साध्या टपालानं, स्टीमरनं.

३१ ऑक्टोबर, शनिवार
राहवेना. तारही करायला गेलो. RUM FOUND COME AT ONCE. खिडकीतला बाबू मंगळूरचा, सज्जन माणूस. म्हणाला, सासरे हाजी आहेत ना, रम सापडली, लगेच या, असं त्यांना कळवणार का. खरंच की. एक अक्षर बदलून दोन ओ घातले. पत्रात सगळं आहेच. माणसानं असं सावध असावं.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
उत्तराची तार आली. मास्तर शाळेतून रजा घेऊन निघतायत. हाफिजासह! नवऱ्याचं रणांगण बघायला बायको समुद्र ओलांडून येते. डोळे भरून आले.
बदरुद्दीनभाई म्हणाले, मशिदीमागची रूम अजून रिकामी आहे, आता तरी बघ. म्हटलं, पुढच्या शुक्रवारी. टेकाडावर पाट्या लावायच्या आहेत.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
पाट्या लावल्या. 'रोमनांची बाजू', 'आपली बाजू'.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
वाऱ्यानं पाट्या पाडल्या. परत लावल्या. बाजू उलटसुलट झाल्या असाव्यात.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६
आज स्टीमर. साहेबाची लँडरोव्हर मिळाली आहे. बदरुद्दीनभाई बिर्याणीचं पातेलं घेऊन सोबत येतायत. इस्त्रीचा शर्ट. बंदरावरून थेट रणांगण.

त्याच दिवशी, दुपारी ४
लिहायची इच्छा नाही. लिहितो.
होडीतून हाफिजा उतरली. मागून ट्रंक, गादीची वळकटी, पाटा-वरवंटा आणि लोणच्याच्या तीन बरण्या. रणांगण बघायला पाटा-वरवंटा कशाला, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिनं हळूच विचारलं, रूम लांब आहे का. म्हटलं, तासाभरावर. मास्तर म्हणाले, एवढी लांब घेतलीस?
टेकाडापाशी गाडी थांबवली. हात पसरून म्हणालो, ही रूमची जागा. हाफिजा वाळूकडे बघत राहिली. मास्तरांनी विचारलं, छप्पर कुठे आहे. माझं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं. ते तारेवर आले होते, दोन ओ असलेल्या.
मी ढाल पुढे केली. मास्तरांनी चष्मा लावला, ढाल हातात घेतली आणि उलटी फिरवली. म्हणजे सुलटी केली. आडवी रेघ शब्दांच्या डोक्यावर गेली. मग त्यांनी वर्गात वाचायचे त्या आवाजात वाचलं: चि. बदरुद्दीन यास आई हव्वाबीकडून.
बदरुद्दीनभाई मटकन वाळूत बसले. त्यांच्या पातेल्याचं झाकण. दहा वर्षांपूर्वी याच कॅम्पात कंपनीनं जून महिन्यात तीस जणांना पत्र्याच्या एका रूममध्ये कोंबलं. यांनी बंड केलं, रूममध्ये झोपणार नाही म्हणून. झाकण बडवत सगळ्यांत पुढे हे होते. बडवताना मधली मूठ उडाली, गोंधळात झाकण हरवलं, दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. त्याच वर्षी आई वारली. झाकण ते छातीशी धरून बसले. सुहैल पुन्हापुन्हा सांगत होता, बोला था ना, बद्रू.
मास्तर माझी पाटी वाचत होते. फक्त म्हणाले, रोमन इथे आलेच नव्हते रे. हाफिजा ट्रंकेवर बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मला इतकी लाज वाटली नसती.

२८ नोव्हेंबर, शनिवार
रात्री मास्तर आणि हाफिजा बदरुद्दीनभाईंच्या ओळखीच्या जुलेखाबींकडे होते. मास्तरांनी परतीच्या स्टीमरची तीन तिकिटं विचारून ठेवली आहेत. तिसरं कुणाचं, ते मी विचारलं नाही.
मी ऑफिसात पाइप मोजत होतो, तेवढ्यात हाफिजा बदरुद्दीनभाईंबरोबर जाऊन मशिदीमागची रूम बघून आली. ठरवूनही आली. जायला यायला धरून पाऊण तास लागला म्हणे. दीड महिना रिकामीच होती.

४ डिसेंबर, शुक्रवार
मास्तर एकटेच परत गेले. हाफिजा राहिली. रणांगण बघून मागे फिरायला मी काही रोमन नाही, असं म्हणाली. हे माझ्या बाजूनं की विरुद्ध, विचार चालू आहे.
बदरुद्दीनभाईंनी झाकणाला नवी मूठ बसवली आणि हाफिजाला देऊन टाकलं. आईचं भांडं घरात वापरात राहू दे, मेसमध्ये नको, म्हणाले.

१८ डिसेंबर, शुक्रवार
मास्तरांचं पत्र. माझं अकरा पानी पत्र त्यांना घरी पोचल्यावर मिळालं. लिहितात, 'पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वर्गात वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत मुलं इतिहासाच्या तासाला इतकी हसली नव्हती. पुन्हा वाचा म्हणतात.'
म्हणजे शेवटी वर्गात वाचलं गेलंच.
हाफिजाला हे सांगणार होतो. ती म्हणाली, आधी पाणी भरून आण. डायरीची वहीही मागितली, हिशेबाला हवी म्हणे. वही ऑफिसची आहे, असं सांगून बघितलं. रूमचं राज्य पक्कं आहे. बंड करावं म्हटलं, तर झाकण तिच्याकडे आहे.