कॉलेज अजून गेलेलं नाही

प्रिय शेल्बी,

आज सगळ्यात आधी टपकली ती शेजारची बर्निस. हातात कोंबडी-भाताचं भांडं आणि तळाला तिच्या नावाची पट्टी चिकटवलेली! आपल्या खोऱ्यात अशी पट्टी कधी लावतात ते तुला ठाऊकच आहे. भांडं मयताच्या घरी सोडून यायचं असतं ना, मग नाव बघून ते परत करतात. म्हटलं, "अगं बये, कोण गेलं?" तर म्हणते, "कॉलेज गेलं गं ओपल. राज्य सरकारची माणसं आज कुलूप लावायचं ठरवायला येतायत."

गुडघे कुरकुरत होते तरी निघाले तिच्यासोबत. बघते तर काय, अख्खं चर्च कॉलेजच्या पायरीवर! कुणी बटाट्याचं सॅलड आणलेलं, कुणी मक्याचा पाव, सगळ्यांच्या माना खाली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मढं कुठाय? दाखवा की! नाही ना? मग हे जेवण मयताचं नाही, पाहुण्यांचं. चला, आत मांडा." बर्निसच्या भातात मीठ जास्तच होतं, पण ते तर नेहमीचंच.

तेवढ्यात पाहुणे आले. एक बाई आणि टाय लावलेला एक लांबुडका. लांबुडका म्हणाला, "आजी, तरुण पोरं गाव सोडतायत, वर्ग रिकामे पडतायत. आणि हल्ली सगळं कॉम्प्युटरवर शिकता येतं." मी म्हटलं, "बाळा, मी सहावीत शाळा सोडली, तुझं कागदावरचं मला कळायचं नाही. पण नर्सिंगच्या पोरींनी सुई टोचायची कुणाला? कॉम्प्युटरला? आणि इथे ढग आला की नेट जातं." ती बाई इतकी हसली की तिला ठसकाच लागला! मग माझा भट्टीतला गोड ब्लॅकबेरी कॉब्लर तिने दोनदा घेतला बघ.

खाऊन झाल्यावर बाई म्हणाली, नर्सिंगचा वर्ग पूर्ण भरला तर तो बंद करणार नाही, आणि मग कॉलेजलाही कुलूप लागणार नाही. नर्सिंग शिकवणाऱ्या तुझ्या डेल्फीन मॅडम हळूच म्हणाल्या, "एक जागा रिकामी आहे." माझ्या तोंडून फाडकन निघालं, "रिकामी कशी? ती माझ्या नातीची आहे!"

तू कॉलेज सोडून लेक्सिंग्टन शहरातल्या गोदामात कामाला गेलीस तेव्हा म्हणालीस, "मॅमॉ, बुडत्या नावेत कोण बसतं?" तेव्हा मी तुला जाऊ दिलं. आता नाही ऐकणार. तुझं नाव मी त्यांना सांगितलंय, पण सही तुझी लागते, आणि ती त्या बाईंसमोर. नाही आलीस तर तुझ्याबरोबर बाकीच्या पोरींचाही वर्ग जाईल. तुझ्या पोराला, छोट्या एझ्राला, मी सांभाळीन. कालच त्याने माझा चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात टाकला, तरी सांभाळीन.

बर्निसला बजावलंय, या वेळी भांड्याला पट्टी लावायची नाही. सोडून यायचं नाहीये, आपणही तिथंच बसून जेवायचंय. पाहुणे तुझ्या सहीसाठी मंगळवारी परत येतो म्हणालेत.

वाट बघणारी, तुझीच
मॅमॉ