राइस मिलच्या मागची खोली

१८ नोव्हेंबर २०२४
पुन्हा गोंदिया. पुन्हा तोच वॉर्ड. मागल्या वेळी दवाखान्यातून सुट्टी मिळाली, त्याला पंधरवडाही झाला नाही. दामिनी बसूनच झोपते — आडवं केलं की छाती वाजते. सात वर्षांची पोर, श्वास ओढताना गळ्याशी खड्डा पडतो. सिस्टरनं मला ओळखलं. "आल्या का मंजूताई?" माहेरी आल्यासारखं विचारलं.

२० नोव्हेंबर
वाफेचा मास्क लावला की दामिनी माझं बोट धरते, सोडत नाही.

डॉक्टर म्हणाले, "श्वासाचा पंप रोज देता?" देते. एकदाही चुकवला नाही. "घर कुठं आहे?" सांगितलं — सौंदडजवळ, राइस मिलच्या मागं. खोली मिलचीच, दामिनीचे बाबा तिथंच कामाला. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "तिथून हलता येईल का?"

यांना फोन केला. "आन् जाऊ कुठं?" एवढंच बोलले.

२४ नोव्हेंबर
सुट्टी झाली. घरी.

२७ नोव्हेंबर
नवा धान आला, मिल थांबतच नाही. खिडकीला ओलं लुगडं बांधलं. तरी भांड्यांवर, अंथरुणावर कोंडा. दुपारी दामिनी खोकली. हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत बसले. खोकला थांबला. मी उठलेच नाही.

३ डिसेंबर
पुन्हा भरती. लिहवत नाही.

९ डिसेंबर
दवाखान्यातून दामिनीला सरळ नवेगाव बांध या गावी सोडलं, माझ्या बहिणीकडे, जमुनाकडे. घरी आल्यावर हे म्हणाले, "आपली पोट्टी दुसऱ्याच्या घरी कायले ठेवाची?"
"जित्ती राहावी म्हनून."
मग कोणीच जेवलं नाही.

२ जानेवारी २०२५
जमुनाचा फोन. "पोट्टी तलावाच्या पाळीवर धावून राहिली, बाई." धावून! दामिनीला धावताना मी कधी पाहिलं? आठवत नाही. आनंद व्हायला हवा होता. मोरीत जाऊन रडले.

१९ जानेवारी
काल नवेगावला आले. दामिनीनं तिची गोधडी मागितली होती, माझ्या जुन्या साड्यांची. धुतली, मिलच्याच आवारात वाळवली, आणली. तिनं ती डोक्यावरून ओढून घेतली आणि माझ्या मांडीवर निजली. "आई, घराचा वास येते."

संध्याकाळी छाती वाजायला लागली. पंप दिला, पुन्हा दिला. कमी नाही. ऑटो करून सरकारी दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला.

आज सकाळी जमुना घरी जाऊन गोधडी अंगणात टाकून आली. माझ्याकडे न बघताच पलंगाच्या पलीकडे जाऊन बसली. दामिनीनंच मास्क बाजूला केला — "मावशी, आईले रागावू नको."

२१ जानेवारी
दामिनी जमुनाच्या घरी परत आली. मी जमुनाची साडी नेसले, डोक्यावरून न्हाले, तरी दाराशीच बसले.
"काऊन दूर बसून राहिली, आई?"
केसांत कोंडा राहिला असेल तर?
गाडीची वेळ झाली म्हणत उठले. गाडीला अजून अवकाश होता.

२४ जानेवारी
आज इथल्या शाळेतून दामिनीचा दाखला काढला, नवेगावच्या शाळेसाठी. मास्तरांनी विचारलं, "परत कधी येणार?" मी म्हटलं, "नाही येणार." यांना अजून सांगितलं नाही.