गाडी माझी, ऑइल तुझं

इंदोरा, नागपूर

प्रिय रुपराव,

जय भीम. फोन असताना याने पोस्टाचं पाकीट का धाडलं, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगतो, आधी कामाचं ऐक. आपली गाडी गेल्या आठवड्यापासून अंगणात कोरडी उभी आहे. जुनं ऑइल काढलंय, नवं भरायचं बाकी आहे, आणि कोणतं भरायचं ते मला माहीत नाही. कमाल चौकातल्या दुकानदाराने माझ्यासमोर दोन डबे ठेवले, एक वीस-चाळीस नंबरचा, दुसरा वीस-पन्नासचा, आणि म्हणाला, "काका, कोणतं देऊ?" इतकी वर्षं गाडी चालवली, पण हा प्रश्न कधी माझ्यापर्यंत आलाच नव्हता. म्हटलं, विचारून सांगतो. तो म्हणाला, "कोणाले विचारता आता? मेकॅनिकले?" मी म्हटलं, नाही, मालकाला.

आपली वाटणीच तशी होती. इंदोऱ्याहून कोराडीच्या पॉवर हाऊसला एका शिफ्टला एकाच गाडीवर जायचं, हँडल माझ्या हातात आणि दोघांचे जेवणाचे डबे तुझ्या मांडीवर. गाडी माझ्या नावावर, पण तिचं खाणंपिणं तुझ्याकडे. रविवारी विहारातून वंदना करून आलो की तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली बसायचास. नट सोडायचास, उतरलेलं ऑइल अंगठ्याने बोटावर चोळायचास, नाकाशी न्यायचास, आणि मग काय तो निकाल द्यायचास. माझं काम म्हणजे आतून चहा आणणं. आमची भागीरथा म्हणायची, "त्या गाडीले दोन नवरे हायेत, अन् मले एकही धड नाही." ती असती तर तिलाच विचारलं असतं. आपली भांडणं ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं.

भांडणं कसली, तूच बोलायचास. गाडीच्या पुस्तकात एकच नंबर छापलेला होता आणि तुला त्याचा राग. "पुस्तक लिहिणारा मे महिन्यात नागपूरले आला होता का गा?" असं तू मलाच दटावून विचारायचास, जणू पुस्तक मी लिहिलं. दुसरा आकडा मोठा असला की ऑइल तापल्यावरही दाट राहतं, एवढं त्यातून माझ्या डोक्यात शिरलं. म्हणून उन्हाळ्यात तू पन्नासवालं भरायचास आणि दिवाळीनंतर चाळीसवालं. पण इंजिनचं काम झाल्यावर तू त्यात काहीतरी बदल केलास. बदललंस हे नक्की, मला समजावूनही सांगत होतास, पण तेव्हा मी चहा आणायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर तुझं बोलून झालं होतं. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण तू होतासच.

मग तुझा अंकुश तुला पुण्याला घेऊन गेला. बरंच केलं, वहिनी गेल्यावर तू एकटा हात भाजून घेत होतास, मला दिसत होतं. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधायचं सोडून तू माझ्या अंगणात येऊन ऑइल बदललंस. अंकुश फाटकाशी उभा राहून घड्याळ पाहत होता. ते ऑइल मी काढलंच नाही, रुपराव. काळं झालं, दाट झालं, इंजिन तक्रार करायला लागलं, तरी काढलं नाही. तू भरलेलं होतं, काढायला मन होत नव्हतं. तुला हे कळलं असतं तर तू चारचौघांत माझी अब्रू काढली असतीस.

शेवटी दिवाळीत दामिनी माहेरी आली तेव्हा आमच्या जावयाने, सुशीलने, झाकण उघडून पाहिलं. म्हणाला, "मामाजी, हे ऑइल होय का डांबर?" पोरगा मनाने चांगला. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने सगळं उपसून आपल्या कारचं महागातलं ऑइल त्यात ओतलं, आणि वर म्हणाला, आता गाडी विमानासारखी पळेल. तेव्हापासून गाडी अधूनमधून कुरकुरत होती, पण मी जवळच फिरायचो, निभून गेलं. मग गेल्या आठवड्यात कोराडीला निघालो. काम काही नव्हतं. गेटबाहेर आपण चहा प्यायचो तिथे जाऊन बसावं, एवढंच. मानकापूरच्या पुलावर चढ लागला आणि गाडीने हात टेकले. इंजिन ओरडतंय, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलाय, आणि गाडी पुढे जाईना. एक ई-रिक्षा मला मागे टाकून गेली, आत बसलेल्या बाईने वळून पाहिलं. मी सवयीने मान मागे वळवून म्हणालो, "रुपराव, काय झालं पाह्य बरं." म्हणून झाल्यावर लक्षात आलं. मग खाली उतरलो आणि गाडी उलटी वळवून ढकलत मेकॅनिककडे नेली.

मेकॅनिकने सांगितलं ते तू न बघताच सांगितलं असतंस. कारमध्ये क्लचचं बिऱ्हाड वेगळं असतं. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर, क्लच सगळे एकाच ऑइलमध्ये राहतात, आपण लहानपणी एका खोलीत राहायचो तसे. कारचं गुळगुळीत ऑइल पडलं की क्लच घसरतो. नशीब, प्लेटा जळल्या नाहीत. त्याने सगळं धुऊन दिलं आणि म्हणाला, मोटरसायकलचंच ऑइल आणा, नंबर तुमच्या गाडीला चालत आला तोच. सुशीलला मी काही बोललो नाही. तो दर रविवारी फोनवर विचारतो, गाडी कशी पळते. मी म्हणतो, विमान.

बाकी इकडे ऊन चढायला लागलंय. विहारात तुझ्या जागेवर आता कोणी ना कोणी बसतं. घरात दिवसभर मी ज्याच्याशी बोलतो असा एकच आवाज आहे, टीव्हीचा, आणि तोही माझं ऐकत नाही. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटतं.

आता पत्र का, ते सांगतो. फोन केला होता. पहिल्यांदा तू विचारलंस, "कोण बोलून राहिले?" मी रेंजला दोष दिला. दुसऱ्यांदा मी नाव सांगितलं, इंदोरा सांगितलं, पॉवर हाऊस सांगितलं, आणि तू फार अदबीने म्हणालास, "अंकुश घरी नाही, संध्याकाळी करा." आयुष्यात तू माझ्याशी कधी अदबीने बोलला नव्हतास. मग सूनबाईने, प्रीतीने, फोन घेतला आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. म्हणाली, काका, बाबा कधी कधी यांनाही ओळखत नाहीत. पण परवा खाली कोणीतरी मोटरसायकल सुरू केली, तर बाल्कनीत जाऊन म्हणाले, "ऑइल संपून राहिलं त्याचं, सांगा त्याले." त्या माणसाने पाहिलं तर खरंच संपत आलं होतं. ते ऐकल्यावर मी पाकीट आणलं. फोनवरचं बोलणं निघून जातं, हे प्रीती तुला हवं तितक्यांदा वाचून दाखवेल. तर रुपराव, मी कोण ते आठवलं नाही तरी चालेल. काळी मोटरसायकल आहे, शंभर सीसीची. इंजिनचं काम एकदा झालंय. ऊन नागपूरचं आहे. चालवणारा म्हातारा आहे, हळू चालवतो, आणि मागे कोणी बसत नाही. हिला कोणतं ऑइल भरायचं, तेवढं प्रीतीला सांग. तू सांगेपर्यंत मी भरत नाही.

तुझाच,
गाडी चालवणारा मधुकर