मागच्या माणसासाठी धरलेलं दार

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! एकोणिसावा मजला, दोन खोल्या, आणि खिडकीतून सरोवराची बोटभर निळी पट्टी. एजंट बाईंनी सहा फ्लॅट दाखवले होते. एकात पोहायचा तलाव, एकात गच्चीवर बाग. मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारायची, तळघरातून, इमारतींखालून ऑफिसांपर्यंत जाणाऱ्या भुयारी वाटेला दार आहे का? शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, की लॉर्ना, तुला घर हवंय की बोगदा? मी म्हटलं, बोगदा! गेल्या जानेवारीत ट्रामच्या थांब्यावर बर्फावरून घसरले, तेव्हापासून डाव्या मनगटात दोन खिळे घेऊन फिरतेय. पुरे झाला तो हिवाळा.

आणि खरं सांगायचं तर घर बाबांसाठी घेतलं. आई गेल्यापासून ते सडबरी गावातल्या घरात एकटेच, अंगणातला बर्फ उपसत बसायचे, वय वर्षं त्र्याऐंशी. डॉक्टरांनी बजावलंय, थंड हवा छातीत गेली तर पुन्हा दवाखाना. आता टोरांटोत माझ्यापाशी राहतील आणि हिवाळाभर साध्या सपाता घालून हिंडतील. बत्तीस वर्षं निकेलच्या खाणीत काढलेला माणूस! बोगदा बघून म्हणाले, की चला, विल्फ पेट्री पुन्हा जमिनीखाली, फक्त या खेपेला कॉफी मिळतेय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसपासून घरापर्यंत अकरा मिनिटं आणि नऊ दारं. वरच्या प्रत्येक इमारतीचा बोगद्याचा आपला आपला तुकडा, आणि हद्द आली की काचेचं जड दार. नववं आमच्याच तळघराचं. सकाळी तोबा गर्दी असते, पण एकाच्याही अंगात कोट नाही. काय सुख आहे!

फक्त दारांनी हात भरून येतो. आम्ही कॅनडातले लोक असे, की मागे वळून बघितल्याशिवाय दार सोडायचं नाही. मागचा वीस पावलं लांब असला तरी धरून उभं राहायचं. मग तो बिचारा ओशाळून पळत येतो, सॉरी म्हणतो, मीही सॉरी म्हणते. तळघराच्या दारावर पाटी आहे, की मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला आत घेऊ नका. खालच्या टेबलावर रोहेलिओ बसतो, तो म्हणाला, की पंधरा वर्षांत ती पाटी कुणी पाळलेली नाही. एकदा चोरालासुद्धा दार धरलं होतं म्हणे, आणि तो थँक्यू म्हणून गेला.

बाबा दुपारी पार ऑफिसकडच्या दुसऱ्या दारापलीकडच्या खाऊगल्लीत जाऊन कॉफी पिऊन आले. दोन क्रीम, दोन साखर, आणि चार नव्या ओळखी.

२३ नोव्हेंबर, रविवार

चष्मा ऑफिसात राहिला होता म्हणून दुपारी दोनला खालून गेले. रविवारी खाली चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं बंद, दिवे मात्र सगळे लखलखीत.

येताना पहिल्या दाराशी सवयीने मागे पाहिलं, तर पार टोकाला एक माणूस. लांब तपकिरी कोट, गळ्यापर्यंत बटणं, कानटोपी. मी दार धरलं. गडी काही घाई करेना. मनगट ठणकायला लागलं तरी हा आपला संथ. शेवटी आत आला आणि तिथेच उभा राहिला. ना थँक्यू, ना सॉरी. मेला उद्धट! मनातल्या मनात दोन शिव्या घालून मी निघाले.

घरी आल्यावर आठवलं, त्याच्या खांद्यांवर बर्फ होता. वर या आठवड्यात बर्फ पडलेलाच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

तो पुन्हा दिसला. संध्याकाळची गर्दी, दुसऱ्या दारातून माणसांचा नुसता लोंढा, आणि हा बाजूला उभा. एवढे लोक आत-बाहेर करतायत, यांच्यामागून घुस ना बाबा! पण नाही. मी दाराशी पोचले, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हाताने आपसूक दार धरलं. मग आला.

शेजारून गेला तेव्हा मनगटातले खिळे इतके गार पडले, की मी ओरडलेच. खांद्यांवर बर्फ तसाच. खाली इतकं ऊबदार असतं, वितळला कसा नाही?

१० डिसेंबर, बुधवार

जेवताना बाबा सांगत होते, की खाली एक बिचारा भेटतो, घरदार नसावं, थंडीने पार आखडून गेलाय, तोंडातून शब्द फुटत नाही. या आठवड्यात त्याच्यासाठी तीनदा दार धरलं. मी विचारलं, कोट कसला? तपकिरी, म्हणाले. कुठलं दार, विचारलं. शेवटचं धरलं ते चपला दुरुस्तीच्या दुकानाशेजारचं.

म्हणजे पाचवं.

१५ डिसेंबर, सोमवार

बाबांचे हात बर्फासारखे. तीन पांघरुणं, हीटर पूर्ण, तरी दात वाजतायत. डॉक्टरांनी दोनदा ताप मोजला. दोन अंश कमी आला. यंत्र बदलून मोजला, तेवढाच. बाकी सगळं ठीक म्हणे. ठीक कसलं, डोंबल!

मी आठवून आठवून लिहून काढलं. तिसरं दार धरलं त्या दिवशी त्यांनी हातमोजे मागितले. चौथ्याला दुसरा स्वेटर. पाचव्याला पांघरुणं. तो कोण आहे ते मला माहीत नाही. पण धरल्याशिवाय त्याला दार ओलांडता येत नाही, आणि ज्या दिवशी ओलांडतो त्या दिवशी माझ्या बाबांची थोडी ऊब कमी होते. मला भीती वाटतेय. लिहायला लाज कसली, खूप भीती वाटतेय.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज सहाव्या दाराशी होता. मी त्याला बघितलं, आणि बघून दार सोडलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर दार लावलं. शरमेने कान तापले, काचेतून सॉरीसुद्धा म्हणाले, काय मूर्ख आहे मी! तो काचेला नाक टेकवून उभा राहिला. काचेवर वाफ धरली नाही.

बाबांच्या हातापाया पडले, की त्याला दार धरू नका. जोरात भांडण झालं. म्हणाले, की पोरी, खाणीत शेवटचा गडी आत आल्याशिवाय वर नेणाऱ्या पिंजऱ्याचं दार लावायचं नाही, मग वर घर जळत का असेना. तू मला माणसाच्या तोंडावर दार लावायला शिकवतेस? आईने हेच वळण लावलं का तुला? असं म्हणून पाठ फिरवून झोपले.

२८ डिसेंबर, रविवार

मी वाणसामानाला गेले तेवढ्यात बाबा खाली जाऊन आले. विचारलं, कितवं दार? म्हणाले, आठवं.

त्यांच्या स्वेटरवर, खांद्यावर, पांढरं काहीतरी. रस्त्यावर पाऊलही टाकलेलं नाही त्यांनी. मी झटकलं. तळहातावर घेतलं. वितळेना.

४ जानेवारी, रविवार

रोहेलिओने फोन केला. मिस्टर पेट्री तळघराचं दार धरून दहा मिनिटं उभे आहेत, काही मदत हवीय का. मी विचारलं, कुणासाठी धरलंय? कुणीच नाही, म्हणाला, पण थंडी कुठून येतेय कळत नाही, माझे दात वाजतायत.

धावत खाली गेले. तळघराचं दार लागलेलं होतं. बाबा हसत होते, ओठ निळे. लिफ्टचं दार हाताने अडवून धरलेलं त्यांनी. मी लिफ्टकडे न बघता त्यांना जिन्याने ओढत वर आणलं — एकोणीस मजले. थांबत, बसत. मागून पावलं नव्हती. लिफ्ट मात्र आमच्याआधी वर आलेली.

६ जानेवारी, मंगळवार

रजा घेतली. तळघराचं दार उघडायची बाबांची चकती काढून घेतली. कडी, साखळी, दोन्ही. बाबा म्हणतात, खाणीतसुद्धा कुणी असं कोंडलं नव्हतं. अंगाचं तापमान तेहतीस अंश. दवाखान्यात नेते म्हटलं तर नाही, नाही, नाही — शेवटी उद्या अकराला तयार झाले. टॅक्सी सांगितली. रस्त्यावरच्या दाराने जायचं. भुयार नाही. बर्फावर पडले तर पडले.

आमच्या मजल्यावर, लिफ्टसमोर, गालिचा गोठून कडक झालाय. कुणीतरी उभं असल्यासारखा तेवढाच तुकडा.

७ जानेवारी, बुधवार. सकाळी दहा

बॅग भरली. वीस मिनिटं, फक्त वीस मिनिटं अंघोळीला गेले —

खुर्ची रिकामी. साखळी काढलेली. टेबलावर चिठ्ठी — तुझ्यासाठी खालून कॉफी आणतो, रागावू नकोस.

दार लावून घेतलं. खाली रोहेलिओला फोन. तो म्हणाला, चकती नव्हती, मीच दार उघडून दिलं, आत्ताच गेले, वर येतायत, दोन कप घेऊन.

दहा वाजून पाच

दार वाजतंय. बाबा.

दाराच्या भिंगातून पाहिलं. बाबा, दोन कप. त्यांच्यामागे तपकिरी कोट. अगदी मागे. खांद्याला खांदा लावून.

लिहिलं तर डोकं ताळ्यावर राहील. ॲम्ब्युलन्स — बारा मिनिटं म्हणाले. बाबा म्हणतायत, लॉर्ना, उघड गं, फार गारठलोय. एक कप हातातून पडला. गुडघे वाकतायत त्यांचे. बारा मिनिटं टिकणार नाहीत.

उघडलं नाही तर ते माझ्या उंबऱ्यावर —

उघडते. साखळी काढून, फटीतून हात, बाबांची कॉलर, आत ओढायचं, दार आपटायचं. त्याच्यासाठी धरायचं नाही. फक्त बाबांसाठी. जमेल. साखळी काढली. कडी काढली. एकदा भिंगातून बघते, बाबा दाराला किती जवळ —

बाबा बाजूला सरकलेत. भिंतीला टेकून जागा करून दिलीय त्यांनी. दाराची मूठ फिरतेय, बाबांच्या हातात, आणि ते त्याला म्हणतायत, या ना, आधी तुम्ही, मी धरतो —