दुपारचा पिक्चर आणि तिकिटाचा पंच

शिवरे, ता. भोर
गुरुवार, ५ डिसेंबर

चि. सोनिया हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेमकुशल आहे. तुझं आणि जावईबापूंचंही तसंच असेल असं धरून चालतो. फोनवर विचारलं की तू नुसतं ‘हं’ म्हणतेस, आणि त्या ‘हं’वरून मला काही कळत नाही. म्हणून कागद घेतला. एहसान ड्रायव्हर अजून भोर–स्वारगेटवर आहे. संध्याकाळच्या गाडीला पाकीट त्याच्याकडे देतो, स्वारगेटला पोचला की तो तुला फोन करील. तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं एका गाडीवर काढली, त्यामुळे पाकीट फोडणार नाही. आत काय आहे ते विचारील मात्र.

थंडी पडली आहे. घेवडा बरा आला. गोरखचं कापूरहोळचं गॅरेज चाललं आहे, सूनबाईची, म्हणजे मंगलची, पाठ दुखते. कुत्रीला पिल्लं झाली. गावची बातमी संपली.

आता तक्रार. ओसरीवरचा टीव्ही गोरखने उचलून आपल्या खोलीत नेला. का, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘अप्पा, हितं धूळ बसती त्याच्यावर.’’ गॅरेज चालवणारा माणूस, नखांत ग्रीस, आणि याला धुळीची काळजी! बरं, खोलीत जाऊन बघावं तर दिवसभर दाराला कुलूप.

तुझी आई गेल्यावर तूच तो टीव्ही आणलास. मागे पेनड्राइव्ह खोचलास आणि म्हणालीस, ‘‘अप्पा, अमेरिकेतले जुने नाचगाण्याचे पिक्चर आहेत. भाषा कळायची गरज नाही. बघत बसा.’’ मला सुरुवातीला तुझाच राग आला होता. लेक तासाभराच्या अंतरावर राहते आणि स्वतः यायच्या ऐवजी गोऱ्या लोकांना पाठवते.

आणि पिक्चर तरी काय! माणूस हॉटेलात जेवायला बसतो, सूप पुढ्यात येतं, आणि हा उठून टेबलावर नाचतो. सूप तसंच राहतं. वेटर त्याला हाकलायचं सोडून मागे रांग धरून नाचतात. फरशी इतकी चकचकीत, की ती पुसणारी बाई कुठे आहे म्हणून मी शोधायचो. पिक्चर संपला तरी ती दिसायची नाही. नायिकेचा झगा असा, की आमच्या गाडीच्या दारात हमखास अडकला असता. ती नायकाला भलताच कोणी समजते, त्यावरून भांडण होतं, दोघं तोंडं फिरवून उभी राहतात, तेवढ्यात बाजा सुरू होतो आणि पाय आपोआप हलायला लागतात. नाच संपला की भांडणही संपलं. माझ्या गाडीत खिडकीवरून भांडण लागलं तर ते शेवटच्या थांब्यापर्यंत, वेल्ह्यापर्यंत चालायचं. कोणी नाचल्याचं मला आठवत नाही.

पण सोने, चार पिक्चर बघून झाल्यावर मला गोडी लागली. त्यात कोणी मरत नाही. कोणी घराण्याच्या अब्रूची गोष्ट काढत नाही. माणसाला आनंद झाला तर तो लपवत नाही, रस्त्यातच पाय आपटायला लागतो, आणि रस्त्यावरची माणसं त्याला वेड्यात काढायचं सोडून बाजूला सरकून जागा देतात. मी जन्मभर लोकांना ‘पुढं सरका’ म्हणत आलो, इतक्या आनंदाने कोणाला सरकताना पाहिलं नव्हतं.

आणि त्या बुटांचा आवाज! टकटक, टकटक. ऐकता ऐकता एकदा मी कपाटातून माझा तिकिटाचा पंच काढला. तिकिटाची मशीन आली तेव्हा सगळ्यांचे पंच जमा झाले, माझा मोडका म्हणून साहेबांनी राहू दिला होता. त्यांचे बूट आणि माझा पंच, काय ताल जमला म्हणून सांगू! गाडीच्या दांड्यावर वाजवून वाजवून हात तयारच होता.

आळीतल्या बायकाही यायच्या बघायला. शेजारच्या रत्नाबाईही असायच्या. आंबवण्याच्या अंगणवाडीत होत्या, रोज माझ्याच गाडीने जायच्या. आता रिटायर झाल्या, मालक गेल्यापासून घरात एकट्याच असतात. लहानपणी तुझ्या वेण्या घालायच्या त्या.

खरं लिहितो. बायका दोनदा आल्या आणि ‘‘ह्यात कळतंय काय डोंबल?’’ म्हणून गेल्या. नंतर एकट्या रत्नाबाईच येत होत्या. हे गोरखने तुला सांगितलं असेलच. पण त्याने जसं सांगितलं असेल तसं ते नाही.

एक दिवस मी त्यांना विचारलं, ‘‘ही माणसं मधीच का वो नाचत्यात?’’ त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘अवो, त्यास्नी बोलाया येईना म्हणून. तोंडानं सांगाया जमलं असतं तर कशाला नाचले असते?’’ गाडीभर ओरडणारा माणूस मी, पण त्या दिवसापासून त्यांना साधं ‘बसा’ म्हणायचं सोडून मी नुसता पाट पुढे सरकवायला लागलो.

मग एक मूर्खपणा झाला. जेवणं झाली, की पिक्चर लावायच्या आधी मी खिडकीच्या गजावर पंच वाजवायचो. तो ऐकून त्या यायच्या. हाक मारली तर आळी ऐकेल, म्हणून ही युक्ती. मोठा शहाणा! अगं, अर्धं गाव माझ्या गाडीतून शाळेला गेलं, बाजाराला गेलं, बाळंतपणाला माहेरी गेलं. तो आवाज कोणाला कळणार नाही? ‘‘वाजला बगा चिमाजीचा पंच, निघाली रत्ना वेल्ह्याला,’’ असं आळीत म्हणत होते म्हणे. सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

गोरखला ते गॅरेजवर गिऱ्हाइकाने हसत हसत सांगितलं. टीव्ही त्याच संध्याकाळी हलला. मग रविवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, ‘‘अप्पा, तुमचा वेळ जावा म्हणून दिले होते मी ते पिक्चर. हे असलं काही करायला नाही. आईचा तरी विचार करा.’’ मी ‘हं’ म्हणालो. बघ, मलाही येतं.

पण मला राग आला आहे, सोनिया. तुझा, गोरखचा, त्या गिऱ्हाइकाचा. वेळ जावा! माझा वेळ जातोच आहे, तो कुठे थांबला आहे? कॉलेजात असताना तूच हे पिक्चर बघायचीस आणि आईला सांगायचीस, की बघ, किती मोकळी माणसं आहेत. मोकळी माणसं टीव्हीतच बरी, घरच्या ओसरीवर आली की धूळ बसते, असंच ना?

आणि आईचा विचार करा असं मला सांगू नकोस. तिचा फोटो ओसरीवरच आहे. रत्नाबाई येताना त्यालाच आधी फूल वाहतात, मग बसतात. शेवटच्या आजारात तिचं डोकं रोज कोण विंचरत होतं, ते तुला ठाऊक आहे. तिची जागा कोणी घेत नाही, आणि मी कोणाला देतही नाही. पण जेवणानंतरची दुपार फार लांब असते गं. ती एकट्याने संपत नाही.

टीव्ही गेल्यापासून रत्नाबाईंचं दार दुपारचं बंदच असायचं. आज जेवून उठलो आणि ओसरीवर रिकाम्या भिंतीकडे बघत बसलो. टीव्ही गेला, त्याचे खिळे तेवढे राहिले. माझं डोकंच फिरलं. पंच घेतला, आणि खिडकीशी नाही, सरळ बाहेर ओट्यावर जाऊन लोखंडी फाटकावर वाजवायला लागलो. समोर दोघी तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. गोरख जेवायला आला होता, मोटारसायकल स्टँडला लावत होता, तो तसाच उभा राहिला. मंगल दारात आली. मी वाजवतच राहिलो.

त्यांचं दार उघडलं. पदर सारखा करून, कोणाकडे न बघता, रत्नाबाई भर आळीतून चालत आल्या. ओट्यापाशी थांबून त्यांनी आत भिंतीकडे पाहिलं.

‘‘पिक्चर कुठंय?’’

‘‘न्हाई,’’ मी म्हणालो.

‘‘मग कशाला बोलावलं?’’

मला बोलता येईना, सोने. नाचता तर उभ्या जन्मात आलेलं नाही. पण उजवा पाय हलला. चप्पल एकदा आपटली, पुन्हा आपटली, मग दुसरी. गुडघा कुरकुरत होता. हातात पंच वाजत होता. साठी उलटलेला माणूस, दिवसाढवळ्या, स्वतःच्या ओट्यावर! कुत्री भुंकायला लागली. रत्नाबाई तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर काढून हसल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, ‘‘कळलं. व्हय.’’

गोरखने स्टँड काढला. मोटारसायकल फिरवून परत गेला. जेवला नाही, याचं मला वाईट वाटतं आहे. डबा घेऊन एहसानच्या गाडीने कापूरहोळपर्यंत जाईन म्हणत होतो, पण ती गाडी उलट्या बाजूला जाते. दुसरी बघतो.

बुधवारी, अकरा तारखेला, सकाळी नसरापूरला बनेश्वराच्या देवळात आम्ही एकमेकांना हार घालणार आहोत. एहसानला पाकीट देतानाच सांगेन, तो सुट्टी काढील. तुझी परवानगी मागत नाही. तू यावंस असं मात्र मला वाटतं. फार वाटतं. रागाने आलीस तरी चालेल, त्या पिक्चरांतही माणसं रागावूनच येतात.

एक घंटी दिली की गाडी थांबते आणि दोन दिल्या की निघते, हे तुला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. रविवारी तू एक घंटी दिलीस. ती मी ऐकली, थांबलो, चार दिवस उभा राहिलो. आज मी दोन दिल्या.

लहानपणी माझ्या गाडीत बसायचीस तेव्हा खिडकीची जागा धरून ठेवा म्हणून रडायचीस, आणि मी एकदाही ठेवली नाही. कंडक्टरच्या लेकीसाठी वेगळा कायदा नाही, म्हणायचो. बुधवारी नसरापूरच्या गाडीत खिडकीपाशी माझा रुमाल टाकलेला असेल. कोणी कितीही भांडलं तरी तो उचलणार नाही.

शिवऱ्याच्या थांब्यावर तुझी वाट बघणारे,
अप्पा