डोळा बांधणारा हात

माय, दिवाळीला गावी आल्ते, तवा मी तुझ्या मोसंबीच्या नर्सरीत गेल्ते. बघ, तुझ्याशी बोलायला बसलं की तोंडात आपोआप असंच येतं. एरवी इकडे केरळात माझी तोडकीमोडकी मल्याळम चालते, नाही तर ऑफिसातली इंग्रजी. मराठी बोलायची ती फोनवर, भावाशी आणि वहिनीशी.

तू गेलीस तेव्हा मी परभणीला शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. पुढे माझं काय झालं हे तुला ठाऊकच नाही. मी रबराच्या झाडांचे रोग बघते. आपल्याला रबर म्हणजे शहागडच्या रोडवरचं बाबांचं पंक्चरचं दुकान आणि दारात रचलेले ट्रकचे टायर. ते झाडातून येतं हे बाबांनाही माहीत नसावं. सालीला तिरपी चीर दिली की रुईसारखा पांढरा चीक गळतो, खाली वाटी बांधलेली असते. इथे पावसाळा लांबला की या झाडांची पानं हिरवीच्या हिरवी गळून पडतात, आणि ती कशानं गळतात हे शोधायचं माझं काम. डागाळलेलं पान आणायचं, त्यातली बुरशी काचेच्या बशीत वाढवायची, मग तिच्या आतला डीएनए काढून वाचायचा. नुसत्या डोळ्यांना या बुरश्या बहुतेक सारख्याच दिसतात, पांढऱ्या, कापसासारख्या. आतलं वाचलं की कुणाचं नातं कुणाशी ते कळतं. त्यातली एक तर अशी, की तिला लोक पिढ्यान्‌पिढ्या बुरशी म्हणत आले आणि ती बुरशी निघालीच नाही, शेवाळाच्या गणगोतातली निघाली. फायटोफ्थोरा तिचं नाव. ती रबराची पानं गाळते आणि तीच मोसंबीला डिंक्या रोग आणते, बुंध्यातून डिंक गळतो तो. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर पुढे शिकवत राहिले आणि मी तुझा विचार करत बसले.

शाळा सुटली की मी थेट नर्सरीत यायची. तू वाफ्यात पोत्यावर बसलेली असायचीस. हातात तो चाकू, ज्याच्या मुठीला बाबांनी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली होती. आजही मला ते तसंच दिसतं. तू जंबेरीच्या, त्या रानटी लिंबाच्या रोपाची साल उभी चिरतेस, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, कोंब फुटायचा तो फुगीर ठिपका, अलगद काढून त्या चिरेत सरकवतेस आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर गुंडाळत नेतेस. मी विचारते, "त्याला दुखत असंल का?" तू मान वर न करता म्हणतेस, "चांगलं बांधलं तर न्हाई दुखत." माझ्या वेणीलाही तू तसाच पीळ द्यायचीस, संध्याकाळपर्यंत सुटायची नाही.

मग ते साल आलं, ज्या साली पाऊस लांबला आणि खालच्या वाफ्यांत पाणी साचून राहिलं. तू बांधलेली रोपं पिवळी पडून मरायला लागली. बुंध्याला डिंक आला, मी तो बोटाला चिकटवून खेळायची. मालक एक दिवस वाफ्यात आले. वाईट माणूस नव्हता, दसऱ्याला आमच्या हातावर पेढा ठेवायचा. ते म्हणाले, "बाई, तुमच्या हाताचं काही बराबर न्हाई होऊन राह्यलं. लोकं बी बोलून राह्यलेत. उद्यापासून नका येऊ." लोक काय बोलत होते ते मला नंतर शाळेत कळलं. आपण कोण, आपण कुठल्या वस्तीतले, तिथपर्यंत ते गेलं होतं. जी मुलगी मला हे म्हणाली ती माझ्याच बाकावर बसायची.

त्या संध्याकाळी तू चहाच्या पातेल्यात पाणी उकळलंस आणि त्यात चाकू टाकलास. धुऊन, पुसून, उजेडाकडे धरून बघितलास. मी म्हटलं, मी जाऊन मालकाशी भांडते. तेव्हा तू माझ्यावर इतकी ओरडलीस की बाबा दारातून आत आले. "भांडून झाड जितं होतं का? अभ्यासाला बस!" मग तू त्याच चाकूनं वांगी चिरलीस. दुसऱ्या दिवसापासून तू कापूस वेचायला जायला लागलीस आणि डोळा बांधायला परत कधी बसली नाहीस. लोक बोलवायला आले होते, राजूरकडच्या एका बागेतूनसुद्धा. तू म्हणालीस, "माझा हात आता बसत न्हाई." मला वाटतं, तू स्वतःच ते खरं मानायला लागली होतीस. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटत आलं, माय. मी परभणीला निघाले तेव्हा अंबडच्या बाजारातून तू मला एक भिंग आणून दिलंस आणि म्हणालीस, "बारीक बारीक बघत जा." काय बघ, ते काही सांगितलं नाहीस.

तर दिवाळीला मालकांनी भावाकडे निरोप धाडला. त्यांची रोपं मरून राहिली होती आणि मी त्या रोगाच्या लाईनमध्ये आहे असं त्यांनी ऐकलं होतं. मी जाणार नव्हते. वहिनी म्हणाली, "ताई, झाडांनी काय केलं तुमचं?" मग गेले. मालक आता काठी टेकत चालतात. खालच्या वाफ्यांच्या जागी आता शेततळं आहे आणि त्याचंच पाणी सगळ्या पिशव्यांना. रोपं तशीच, तेव्हासारखी पिवळी. आणि कडेला एक बाई आपला डबा पिशवीत भरत होती. मालक मला म्हणाले, "ह्या बाईनं बांधलेलीच जास्त मेली. आजपासून हिला बंद केलं."

ती बाई माझ्यापेक्षा लहान असेल. मला म्हणाली, "मॅडम, मी चाकू धुऊनच घेत असते बगा." मी मालकांना म्हटलं, "काका, मी तपासून सांगेपर्यंत हिला काढू नका." ते म्हणाले, "आन् तवर अजून मेली तर?" मी म्हटलं, "तर माझ्या नावावर टाका." असं कसं बोलून गेले कुणास ठाऊक. निदान काय येईल ते मलाच माहीत नव्हतं.

मेलेल्या रोपांची मुळं, पिशवीतली माती, शेततळ्याचं पाणी, ज्या काड्यांवरून डोळे काढले त्या काड्या, आणि त्या बाईचा चाकू धुतलेलं पाणीसुद्धा मी घरी घेऊन आले. वहिनीच्या स्टीलच्या वाट्यांत ते सगळं वेगवेगळं पाण्यात ठेवून वर मोसंबीच्या पानाचे तुकडे तरंगत सोडले. पाण्यात फायटोफ्थोरा असली की ती पानाला धरते आणि कडा तपकिरी पडते. वहिनी रोज विचारायची, "ह्या वाट्यांत आता वरण वाढायचं का न्हाई?" निघायच्या दिवसापर्यंत शेततळ्याच्या पाण्यातली, मातीच्या आणि मुळांच्या वाट्यांतली पानं डागाळली. काड्यांची आणि चाकूच्या पाण्यातली हिरवीगार. पण डाग कशाचाही असू शकतो. म्हणून मी ते तुकडे इकडे आणले, साहेबांची परवानगी काढली आणि रबराच्या पानांबरोबर त्यांचाही डीएनए वाचायला लावला. निकाल उघडताना मी हात जोडले होते. आमच्या लॅबमध्ये असं कुणी करत नाही.

फायटोफ्थोराच निघाली. पाण्यात तीच, मातीत तीच, मुळांत तीच. चाकूवर नाही, डोळ्यात नाही. त्या बाईला जे वाफे दिले होते ते तळ्याच्या अगदी खाली, पाणी तिथेच मुरायचं.

मी मालकांना फोन केला. पाणी बदला, पिशव्यांतली माती बदला, बाईला कामावर ठेवा, असं सांगितलं. ती आता रोज जाते, वहिनीनं बघितलं. फोनवर मालकांनी विचारलं, "मंग तवा बी हेच आसंल का?" मी म्हटलं, "तेव्हाचं मी सांगू शकत नाही, काका. ती रोपं तुम्ही जाळली." हे खरंच आहे, माय. जे राहिलंच नाही त्याचा डीएनए वाचता येत नाही. पण मला तो डिंक आठवतो. तो तुझ्या पट्टीच्या पार खाली, मातीजवळ यायचा. तू बांधलेली जागा वर कोरडी, घट्ट असायची. रोग खालून चढत होता. हे मी कागदावर लिहून सही करू शकत नाही, पण तुला सांगू शकते. मालक रडवेले झाले आणि म्हणाले, "तुझ्या मायवर मी उगा आळ घेतला, पोरी. चूक झाली."

नाही, माय. हे शेवटचं वाक्य ते म्हणाले नाहीत, ते मी लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं का माझ्यासाठी, ते कळत नाही. ते एवढंच म्हणाले, "तिची पट्टी कधी सुटली न्हाई बगा," आणि मग औषध कुठलं आणू ते विचारायला लागले. मी नाव सांगितलं, दोनदा, कारण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.